मुश्तरीचं ग्रे कापड

भिवंडीत ‘प्रोसेस’ हा शब्द कुणाला इंग्रजी वाटत नाही. आमच्या यंत्रमागांवर विणलं जातं ते बहुतेक ‘ग्रे’ कापड. त्याला ब्लीच नाही, रंग नाही, छपाई नाही. तागे टेम्पोत चढतात आणि प्रोसेस हाउसला जातात. तिथून ते गुलाबी होऊन निघणार की निळे, हे विणणाऱ्याच्या हातात नसतं. माझ्या अब्बूंनी आयुष्यभर लूम चालवला. दुकानात झगमगीत कापड दिसलं की ते उलटून मागची बाजू बघायचे. “रंग नंतरचा. आधी वीण बघ,” म्हणायचे.

अंतराळातून येणारे फोटोही आधी ग्रेच असतात, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं.

नासाचं ‘जुनो’ यान ५ ऑगस्ट २०११ रोजी निघालं आणि जुलै २०१६ मध्ये गुरू ग्रहापाशी पोहोचलं. त्याच्यावर ‘जुनोकॅम’ नावाचा कॅमेरा आहे. तो मुख्य वैज्ञानिक उपकरण म्हणून नाही, तर सामान्य लोकांना मोहिमेत सामील करून घेता यावं म्हणून बसवला गेला. त्याने टिपलेल्या कच्च्या प्रतिमा मोहिमेच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुल्या असतात. फी नाही, पदवीची अट नाही. जर्मनीतले गणितज्ञ गेराल्ड आइखश्टेट, अमेरिकेतले सॉफ्टवेअर इंजिनिअर केविन गिल असे लोक हौसेने त्यांवर काम करतात आणि त्यांची चित्रं खुद्द नासा त्यांच्या नावानिशी प्रसिद्ध करते. गुरूचे जे सुंदर फोटो आपण पाहतो, त्यांतले कितीतरी अशा हौशी हातांतून आलेले आहेत.

काम कसं चालतं ते सांगते. यान स्वतःभोवती मिनिटाला साधारण दोन गिरक्या घेतं. त्यामुळे कॅमेरा अख्खं चित्र एकदम घेत नाही, गिरकीबरोबर अरुंद पट्ट्या टिपत जातो. निळ्या, हिरव्या आणि लाल फिल्टरमधून आलेल्या या पट्ट्या एकाखाली एक लावलेल्या मिळतात. प्रत्येक पट्टी १२८ पिक्सेल उंच आणि सगळ्या करड्या. एकच ढग तीन पट्ट्यांत तीन ठिकाणी सापडतो. एकेका रंगाच्या पट्ट्या वेगळ्या काढायच्या, एकमेकींना जोडायच्या, मग तिन्ही थर एकावर एक बसवायचे. मधल्या वेळात यान पुढे सरकलेलं असतं, म्हणून सांधे नीट बसत नाहीत. जाणकार लोक यानाची जागा आणि दिशा धरून त्याचं गणित करतात. मी भाषा शिकवणारी बाई. ‘गिम्प’ या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हातानेच पट्ट्या सरकवते. माझ्या चित्रांना कडेला निळी-लाल किनार उरतेच. तरी पहिल्यांदा त्या करड्या पट्ट्यांतून बदामी, विटकरी ढग वर आले, तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि घरात कुणाला उठवून दाखवावं, असं मला झालं होतं.

कुणाला उठवलं नाही. सकाळी शाळेत नेऊन आठवीच्या मुलींना दाखवलं. एकीने लगेच विचारलं, “मिस, ये असली है क्या?”

त्या प्रश्नावर तासाचा उरलेला वेळ गेला. मी सांगितलं, कॅमेऱ्याने टिपलं ते असली. पट्ट्या जोडणं ही शिवण झाली. ग्रहाच्या कडेकडे उजेड कमी होत जातो, तो सारखा करणं चालतं. रंग गडद करणंही चालतं. आपल्या डोळ्यांना गुरू एवढा भडक दिसणार नाही, फिकटच दिसेल, पण रंग ताणले की ढगांचे भोवरे स्पष्ट होतात. फक्त जे केलं ते सांगायचं. आणि पट्टीत जे नव्हतंच ते आणून चिकटवलं, तर ती बनावट.

“पर हमको पता कैसे चलेगा?” तिने सोडलं नाही.

कच्च्या पट्ट्या खुल्या आहेत, म्हणून कळेल. माझ्यावर विश्वास नसेल तर त्याच पट्ट्या घे आणि स्वतः जुळवून बघ.

आमच्या शहरात हा प्रश्न फक्त ग्रहाचा नाही. भिवंडीने १९७० आणि १९८४ च्या दंगली पाहिल्या आहेत. तेव्हा अफवा तोंडी पसरायची. आता ती फोटो होऊन खिशातल्या मोबाइलवर येते. फोटो कुठला, कधीचा, कुणी काढला, काही लिहिलेलं नसतं. ‘आगे भेजो’ एवढंच असतं. दुसऱ्यांकडून आलेल्या फोटोवर शंका घेणं सोपं आहे. आपल्या माणसांकडून आलेल्या फोटोवर घेणं अवघड. ढगांत पवित्र नाव उमटल्याचा फोटो आला आणि एखाद्या मुलीने ‘मूळ फोटो कुठे आहे?’ असं विचारलं, तर घरात तो उद्धटपणा ठरतो. अल्लाहच्या कुदरतीला आपल्या एडिटिंगची गरज नाही, असं मी मुलींना सांगते. हदीसच्या अभ्यासकांनी कुणी कुणाकडून ऐकलं ही साखळी, म्हणजे सनद, तपासायची शिस्त शेकडो वर्षांपूर्वी घालून दिली. कच्ची पट्टी ही फोटोची सनदच आहे.

तपासता येतं, म्हणूनच हौशी माणसाच्या कामाला वजन येतं. ३१ मे २०२० रोजी दक्षिण आफ्रिकेतले हौशी निरीक्षक क्लाइड फॉस्टर यांना स्वतःच्या दुर्बिणीला मिथेन फिल्टर लावून पाहताना गुरूवर एक नवा उजळ ठिपका दिसला. काही तास आधी ऑस्ट्रेलियातून घेतलेल्या चित्रांत तो नव्हता. दोनच दिवसांनी, २ जूनला, जुनो गुरूजवळून गेलं आणि जुनोकॅमने तो ढग टिपला. त्या पट्ट्यांवर काम केलं केविन गिल यांनी. आज तो ठिपका फॉस्टर यांच्याच नावाने ओळखला जातो.

बी.एड.ला ‘कृतीतून शिक्षण’ मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आता वर्गाच्या मागच्या भिंतीवर मुलींनी जुळवलेली सहा चित्रं आहेत. प्रत्येकाखाली उर्दूत आणि मराठीत लिहायचं: कच्चं चित्र कोणत्या तारखेचं, काय बदललं, काय बदललं नाही. मराठीत ग्रहाचं नाव गुरू, उर्दूत मुश्तरी. खरेदीखतातल्या उर्दूत मुश्तरी म्हणजे विकत घेणारा, हे सांगितल्यावर मुली हसल्या. त्यांच्या घरांत रोज त्याचीच वाट पाहिली जाते.

सहाव्या चित्राखाली, ‘असली है क्या’ विचारणाऱ्या मुलीने स्वतःहून एक ओळ जास्त लिहिली आहे: “उजवीकडची निळी रेघ ग्रहाची नाही. ती आमच्याकडून राहिली.”