तेरवीनंतरची शाळा

गांधीबाग, नागपूर
तान्हा पोळा

चि. भाचीबाईस,

तुझं पत्र पोचलं. तुझ्या दुसरीतलं ते पोट्टं बापाची तेरवी आटोपून, डोक्याचा चकोट करून वर्गात आलं, मागच्या बाकावरून कुणीतरी ‘टकल्या’ म्हणालं, आणि तुम्हा बायांना वरून निरोप, की विषय काढू नका, पोरं घाबरतात. आता मी काय करू, विचारतेस. काढ विषय. तो मधल्या सुट्टीत कधीचा निघालाय, फक्त तू तिथे नव्हतीस.

आमच्या गांधीबागेतल्या पोरांना मरण माहीत नसतं असं म्हणणारा माणूस इथे कधी माडीवर राहिलेला नसावा. गंगाबाई घाटाकडे निघालेली माणसं खिडकीतून दिसतात. कापड बाजारात भरदिवसा एखादं शटर खाली आलं, की ‘कोण गेलं?’ हे मोठ्यांच्या आधी तीच विचारतात. तुझ्या वर्गातल्या त्या मुलाने तर स्वतः अग्नी दिलाय. त्याला ‘बाबा देवाच्या गावाला गेले’ म्हणशील, तर त्याने डोळ्यांनी पाहिलेलं खोटं पाडशील. माझ्या वर्गात एका कापडवाल्याची मुलगी होती. वडील वारले तेव्हा घरच्यांनी तिला ‘गावाला गेले’ सांगून वेळ मारून नेली. तो माणूस माल घ्यायला सुरतेला जायचाच, आणि येताना तिच्यासाठी फ्रॉक आणायचा. ती माझ्याकडे येऊन हिशेब करायची, या वेळी एवढे दिवस का लागले असतील म्हणून. हे ऐकत उभं राहणं फार जड जातं गं.

तुझी मुलं नेमकी उंबरठ्यावरच्या वयाची आहेत. मारिया नागी नावाच्या बाईंनी बुडापेस्टच्या मुलांशी बोलून १९४८ मध्ये लिहिलं, की पाचाच्या आतल्या मुलांना मेलेलं माणूस कुठेतरी राहतंय, परत येईल असं वाटतं. पुढे हळूहळू उमजतं. म्हणून दुसरीतल्या पोराचा प्रश्न ऐकून दचकू नकोस. ‘बाबांना चटका बसला असेल?’ असं विचारलं, तर सरळ सांग: नाही. मेलेल्या शरीराला दुखत नाही, थंडी वाजत नाही, भूक लागत नाही. विचारलं तेवढ्याचंच उत्तर दे. पुढचं प्रवचन नको. एक गोष्ट मात्र न विचारताही सांग, की त्याच्या हट्टामुळे किंवा रागावण्यामुळे बाबा गेले नाहीत. हे मुलं पोटात ठेवतात आणि बाहेर नुसतं पोट दुखतं म्हणतात.

आधी त्याला बाजूला घेऊन विचार, ‘वर्गाला मी सांगू का?’ हो म्हणाला तर साध्या शब्दांत सांगून टाक: याचे बाबा वारले, त्यांच्या घरी अशा वेळी डोकं करतात. मग बघ, कुणाची आजी निघेल, कुणाचा बोकड, कुणाचा पोपट. बोलू दे. मोमिनपुऱ्यातलं मूल दफन सांगेल, दुसरं गंगाबाई घाट सांगेल. ‘त्यांच्याकडे तसं, तुमच्याकडे असं’ एवढं पुरतं. मेल्यावर पुढे काय, याचा निकाल देण्याचं काम शाळेचं नाही. बुद्धविहारात किसा गोतमीची, मेलेल्या बाळासाठी घरोघर मोहरी मागत फिरलेल्या आईची, गोष्ट ऐकलेली मुलंही असतील. ती तू होऊन सांगू नकोस. घरोघर मरण आहे हे कळून मोठ्यांना धीर येतो, सात वर्षांच्या पोराला आपली आईही जाईल एवढंच त्यातून कळतं.

अमेरिकेतल्या ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या मालिकेत दुकानदार हूपर झालेले विल ली १९८२ च्या डिसेंबरात वारले. करणाऱ्यांना दुसरा नट आणता आला असता. पण नोव्हेंबर १९८३ च्या भागात त्यांनी त्या मोठ्या पिवळ्या पाखराला, बिग बर्डला, मोठ्या माणसांकडून सांगवलं, की हूपर मेले, आता येणार नाहीत. त्याने ‘का?’ विचारलं, तर मोठ्यांकडे धड उत्तर नव्हतं, आणि ते तसंच दाखवलं. मला ते फार पटलं. आपल्याकडे ‘श्यामची आई’ १९३५ पासून पिढ्यान् पिढ्या रडवते आहे, आणि ज्याची आई खरोखर गेली त्याच्या बाकाजवळ आपण गप्प! २०२१ मध्ये करोनाने दोन्ही पालक नेलेल्या मुलांच्या नावे राज्य सरकारने ५ लाखांची ठेव ठेवायचं ठरवलं, चांगलंच केलं. बाकाजवळ थांबण्याचं काम मात्र बाईचंच.

आज इथे मारबत निघाली, ‘रोगराई घेऊन जा’ म्हणत मिरवतात ते पुतळे. काळी १८८१ पासूनची, पिवळी १८८५ ची. शेजारच्या पोरीने विचारलं, ‘मारबत रोगराई घेऊन जाते नं, मग माझी आजी कशी मेली?’ मी म्हटलं, ‘घेऊन जा असं आपण म्हणतो. रोग काही ऐकत नाही.’ ती ‘हं’ म्हणाली आणि बडग्यांचे पुतळे बघायला पळाली. तुझं पोरगंही रडेल आणि पाच मिनिटांत लंगडी खेळेल. त्याला दुःख नाही असं कुणी म्हटलं, तर माझ्याकडे पाठव.

‘माझे बाबा’ हा निबंध यंदा गाळायचा म्हणतेस, तो त्याला विचारल्याशिवाय गाळू नकोस. कदाचित त्यालाच सगळ्यात जास्त लिहायचं असेल. पालकसभेच्या चिठ्ठीवरचं ‘वडिलांची सही’ मात्र आजच बदलून घे. अन् ‘टकल्या’ म्हणणाऱ्याला मारू नकोस. त्याच्याच शेजारी याला बसव. दोघांचं जमतं का, ते कळव.

तुझी,
मावशी