मोठ्यांचा डबा

परवा आमच्या चिरंजीवांनी जाहीर केले, की उद्यापासून डब्यात त्यांना पीनट बटर आणि जाम लावलेला पाव हवा. मित्राच्या डब्यातला घास त्यांच्या जिभेवर रेंगाळत होता. "अमेरिकन खाणं आहे ते, बाबा!" अशी पुस्तीही त्यांनी जोडली.

पुस्ती ऐकून गप्प बसेल तो मराठीचा प्राध्यापक कसला! मी शोध घेतला. ज्युलिया डेव्हिस चँडलर नावाच्या बाईंनी १९०१ साली बॉस्टनच्या एका पाककलेच्या मासिकात ही कृती छापली होती. वाचून मला हसू आले. दाणे आणि गोड! अहो, हा तर माझाच शाळेतला डबा!

हसू आले आणि लगेच विरलेही. त्या डब्यात भाकरी असे आणि भाकरीवर दाण्याचा कूट व गूळ. शेजारच्या मुलाच्या डब्यात मात्र पांढराशुभ्र पाव आणि लालचुटूक जाम. मी डब्याचे झाकण उभे धरून त्याच्याआड जेवत असे. अखेर एक दिवस आईला म्हणालो, "मला जाम-पावच दे." ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी फळीवर जामची बाटली आली. त्या महिन्यात आईने दुपारचा चहा सोडला होता, हे मला पुढे वीस वर्षांनी मावशीकडून कळले.

आता आई थकली आहे. दात गेले, भाकरी चावत नाही. मनात म्हटले, हा डबा आपण करावा, पण मोठ्यांसाठी!

दाणे मंद आचेवर खमंग भाजले, तळव्यांनी चोळून फोलपटे पाखडली. मिक्सरमध्ये आधी कूट झाला, मग त्याचा गोळा. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. पण दाण्याच्या वजनात जवळजवळ निम्मे तेलच असते. थांबतथांबत फिरवत राहिलो, तसे ते सुटले आणि गोळ्याचे लोणी झाले. त्यात चवीला मीठ घातले आणि कोल्हापूरचे नाव राखायला चिमूटभर कांदा-लसूण मसाला! जामच्या जागी काकवी. गूळ होण्याआधी काहिलीतून काढलेला हा दाट पाक. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे गुऱ्हाळे पेटतात, तेव्हा ताज्या काकवीला तोटा नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. काकवीची थोरवी सांगायला मात्र कागद लागत नाही. पावाच्या कडा काढल्या, एका कापाला लोणी, दुसऱ्याला काकवी लावली आणि तव्यावर तुपात जरा परतले.

बशी आईपुढे ठेवली.

"काय रे हे?"

"डबा आहे, आई."

तिने हिरड्यांनी सावकाश घास घोळवला. आधी गोड, मागून तिखट! तिचे डोळे चमकले.

"जामापेक्षा बरं लागतंय की!"

मग तिने उरलेल्यातला अर्धा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला.

"धर. आता झाकणाआड खाऊ नकोस."

झाकणाची गोष्ट मी तिला कधीच सांगितली नव्हती.