माळ टांगावी की आडवी ठेवावी?

लग्नसराई जवळ आली की शहापूर-मुरबाडच्या बाजारात हारांचे स्टँड दिसू लागतात. सोनेरी झाड, मोराचा पिसारा, मखमलीचा गळा. ‘यातला कुठला घेऊ?’ असं मला गिऱ्हाईक विचारतं, कारण माळा आणि पोती गाठून देणं हाच माझा धंदा. मी स्टँडकडे नंतर बघतो. आधी बघतो, माळेचं वजन कोण पेलतंय: साखळी, तार की दोरा?

चपलाहार साखळ्यांचा, तो खुशाल टांगा. मोहनमाळ तारेत गुंफलेली असेल तर तीही. दोऱ्यात ओवलेली पोत मात्र बारीक आकड्याला लटकवली की सगळा भार एकाच ठिकाणी येतो. दोरा तिथेच विरतो आणि एक दिवस मणी घरभर होतात. म्हणून आकड्यापेक्षा आडवी, जाड, गोल दांडी बरी. ठाकरवाडीत कारवीच्या कुडाला जाड लाकडी खुंटी असते, तिच्यावर काचमण्यांच्या माळा वर्षानुवर्षं सुखाने राहतात. बाजारातल्या नाजूक झाडापेक्षा ती खुंटी शहाणी.

दांडीची उंची मापूनच घ्या. ३० इंची माळ दुहेरी होऊन जवळजवळ १५ इंच खाली येते, म्हणजे दांडी १६ इंचांवर हवी. बैठक जड आणि पसरट असावी, नाहीतर एका बाजूचा हार काढला की दुसरी बाजू कलंडते.

ठुशी, चिंचपेटी, वज्रटीक गळ्यालगतचे दागिने. त्यांना गळ्याचा साचा शोभतो, पण साचा तुमच्या गळ्यापेक्षा थोडा बारीकच घ्या. जाड साच्यावर गोफ ताणला जातो. बोरमाळेचे मणी पातळ पत्र्याचे आणि आत लाख भरलेली. उन्हाने लाख मऊ पडते, तेव्हा बोरमाळ खिडकीत नको.

खरी परीक्षा पावसाळ्यात. लोखंडी स्टँडवरचा मुलामा खरवडला की गंज चढतो आणि त्याचा डाग दोऱ्याला लागतो. मखमलीखालचा रबर, फोम किंवा डिंक कधी कधी गंधकाची वाफ सोडतो, त्याने चांदी काळी पडते. ब्रिटिश म्युझियममध्ये १९७३ साली अँड्र्यू ऑडी यांनी यावर एक चाचणी काढली. मांडणीचं सामान धातूच्या तुकड्यांसोबत बंद भांड्यात, दमट हवेत, ६० अंशांवर २८ दिवस ठेवायचं आणि धातू बिघडतो का ते बघायचं. आपल्याला एवढा खटाटोप नको. मखमलीचा तुकडा आणि घासून लख्ख केलेला जुन्या चांदीचा तुकडा झाकणबंद बरणीत महिनाभर ठेवा. चांदी काळवंडली तर ती मखमल नको.

गौरीत तर आपल्याकडे गौरच स्टँड होते. तेरड्याची गौर सजवताना दागिना ओल्या पानांना टेकतो, तेव्हा मध्ये सुती कापडाची घडी घाला. विसर्जनाआधी उतरवून, कोरडा पुसून मगच डब्यात.

माझी पसंती बांबूच्या स्टँडला. पण बांबू जून आणि नीट वाळलेला हवा. बांबूतल्या पिष्टावर भुंगा जगतो. दांडीखाली पिठासारखी भुकटी दिसली तर तो स्टँड घेऊ नका. बुरुडाकडून करून घेणार असाल तर पाण्यात भिजवून सावलीत वाळवलेला बांबू मागा. भिजवल्याने पिष्ट बरंच निघून जातं. मुरबाडकडच्या म्हशाच्या जत्रेतून घेतलात तरी हे बघूनच घ्या.

आणि सोनं रात्री स्टँडवर नको, हे काही मी सांगायला नको.

मोत्यांचा तन्मणी मात्र कुठल्याच स्टँडला लावू नका. मोत्याला घाम, अत्तर आणि लाकडातली आम्लाची वाफ सोसत नाही, शिवाय त्याचा दोरा टांगून सैलावतो. मऊ सुती कापडात आडवा ठेवा, घातल्यावर पुसा आणि दोरा सैल वाटला की तुटायची वाट न बघता गाठायला आणा.