वाट आणि वाटणी

आमच्या गावचा देवच मुळी वाटपाचा. नेवाशाला मोहिनीराजाचे देऊळ आहे. समुद्रमंथनातून निघालेले अमृत विष्णूने मोहिनीचे रूप घेऊन वाटले ते इथेच, असे आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकत आलो. देवांच्या पंक्तीत चोरून बसलेल्या राहूचे शिर उडाले ते राहुरीला पडले, काया कायगावला, आणि त्याच्या कंठातले अमृत रतनगडावर सांडले त्याची प्रवरा झाली. म्हणून तिला अमृतवाहिनी म्हणायचे. भूगोलाची यात थोडी ओढाताण होते हे खरे. पण इतकी गावे एका गोष्टीत ओवणाऱ्या त्या अनामिक कथाकाराला मी मानते. एक शंका मात्र मला तेव्हाही यायची. ज्यांच्या वाट्याला काही आले नाही, त्यांना आधी कोणी विचारले होते का? अप्पांना मी हे विचारले तेव्हा ते म्हणाले, "आधी जेव." ते शाळामास्तर होते. उत्तर येत नसले की मास्तरांना दुसऱ्याची भूक आठवते. आता मीही वीस वर्षे मराठी शिकवते आहे, म्हणून हे अनुभवाने सांगते.

अप्पांची काळी, उंच सायकल होती. दादा मधल्या दांड्याखालून पाय घालून ती चालवायला शिकला आणि त्याच्यामागून मीही शिकले. रविवारी आम्ही प्रवरासंगमला जायचो. तिथे प्रवरा गोदावरीला मिळते. एकदा मी विचारले, "ही येते कुठून?" अप्पा म्हणाले, "रतनगडाहून." दादाने घरी येऊन नकाशाच्या पुस्तकात जिल्ह्याच्या डाव्या टोकावर बोट ठेवले आणि ऐटीत सांगितले, "मोठा झालो की तुला सायकलवर बसवून इथे नेईन." मी म्हटले, "बसवून नको. मला चालवायचीय." पुढे माझे वय तेरा झाले आणि सायकल सुटली. कोणी रागावले नाही की बंदी घातली नाही. एक दिवस मी आपली मागच्या कॅरिअरवर बसलेली होते, इतकेच. अशा गोष्टी घरात कधी ठरत नाहीत. त्या होऊन जातात.

लग्न होऊन मी संगमनेरला आले. तेही प्रवरेच्याच काठावर, पण वरच्या अंगाला. म्हणजे माहेर नदीच्या खाली आणि सासर वर. माझ्या दारावरून गेलेले पाणी पुढे दादाच्या दारी जाते, याची मला पहिली काही वर्षे फार मौज वाटे.

मग अप्पा गेले. आई आधीच गेली होती. दीड महिन्याने दादाकडून एक कागद आला. हक्कसोडपत्र. मसुदा वकिलाचा होता; मी माझा हिस्सा "राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय" सोडीत आहे असे त्यात लिहिले होते. मराठी शिकवणाऱ्या बाईला शब्दापाशी अडण्याची खोड असते. मी "राजीखुशीने" या शब्दापाशी अडले. वाड्याच्या दोन खोल्या आणि एक पडवी यांत मला काडीचा रस नव्हता. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली दिला. पण शहाण्या बहिणीने तो घेऊ नये हा त्याहून जुना, न लिहिलेला कायदा मलाही पाठ होता. सही मी केलीही असती. पण माझी राजी आणि माझी खुशी आधीच टाइप होऊन आली होती, ती मला गिळवेना. मी फोन करून म्हटले, "दादा, आधी विचारायचं होतंस." तो म्हणाला, "त्यात विचारण्यासारखं काय आहे?"

त्यावर तीन भाऊबीजा गेल्या. ज्यांना भाऊ नाही त्या चंद्राला ओवाळतात. मी धडधाकट भावाची बहीण, तीन वर्षे ताट घेऊन गच्चीवर गेले.

यंदा भाद्रपदात एका रात्री त्याचा फोन आला. नमस्कार नाही, खुशाली नाही. "डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितलीय. साखर वाढलीय माझी. रतनवाडीला येतेस का?" मी "हो" म्हणून टाकले आणि मग लक्षात आले की मी पंचवीस वर्षांत सायकलला हात लावलेला नाही. पुढचे तीन आठवडे पहाटे कॉलेजच्या मैदानावर मी ज्या घिरट्या घातल्या, त्यांची साक्षीदार फक्त आमची शिपाईमावशी आहे, आणि ती कोणाला सांगणार नाही असे तिने कबूल केले आहे.

सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही शेंडीला भेटलो. भंडारदऱ्याच्या धरणाशी हे गाव आहे. दादा आदल्या संध्याकाळी टेम्पोत दोन सायकली घालून आला. एक त्याची नवी आणि एक भाच्याची, माझ्यासाठी. तीन वर्षांनी भेटलेल्या भावंडांनी काय बोलावे? आम्ही गिअरविषयी बोललो. "डाव्या हाताशी पुढचे तीन, उजव्या हाताशी मागचे सात. चढ दिसला की आधीच हलका कर. चढावर पोचल्यावर जोर लावून बदलशील तर साखळी कुरकुरते." मी म्हटले, "बरं." हे त्याने चढाविषयीच सांगितले असावे.

जलाशयाला वळसा घालणारा हा रस्ता पन्नासएक किलोमीटरांचा आहे. १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातून तो जातो. आपल्याकडे जंगल पाहायचे म्हणजे जीपमध्ये बसून वाघाची वाट पाहायची अशी समजूत आहे. इथे वाघ नाही. बिबट्या आहे, पण तो भेटीगाठींना उत्सुक नसतो. शेकरू आहे, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. ती लांब शेपटीची तांबूस खार मोटारीतल्यांना सहसा दिसत नाही, कारण ती दिसायच्या आधी ऐकू यावी लागते. सायकलचा हा मोठा गुण मला त्या सकाळी कळला. पायी चालताना माणूस दमतो आणि स्वतःच्या पायांकडे पाहत राहतो. मोटारीत जंगल काचेवरून नुसते घसरते. सायकलवर वेग आपल्या श्वासाइतकाच असतो. उतारावर कानांत वारा आणि चढावर कानांत आपलेच काळीज. या दोन्हींच्या मधल्या सपाटीवर पाखरे ऐकू येतात.

मुरशेत, पांजरे, उडदावणे. उजव्या अंगाला कळसूबाईची रांग, डाव्या अंगाला झाडांतून लुकलुकणारे पाणी. ओढ्यांवरच्या फरशांवरून अजून पाणी वाहत होते. खाचरांत भात पोटरीला आला होता आणि त्याचा तो दुधट, ओला वास रस्ताभर सोबतीला होता. बांधांवर सोनकी पिवळीधमक फुलली होती. हिरडा, जांभूळ, सादडा ही झाडे दादा मला ओळखून दाखवत होता आणि निम्मी चुकत होता. नेवाशाच्या सपाटीवर वाढलेल्या माणसाला ऊस, बाभूळ आणि लिंब यांपलीकडे वनस्पतिशास्त्र असते हेच नवे. पावसाने रस्ता जागोजाग खरवडला होता. ओल्या वळणावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नये हे मला पांजऱ्याच्या अलीकडे समजले, आणि डाव्या कोपराला ते अजून आठवते.

घाटघरला जमीन एकाएकी संपते. कड्याच्या तोंडाशी उभे राहिले की खाली कोकण आणि बाजूला अलंग, मदन, कुलंग हे तीन दुर्ग. इथे २००८ सालापासून एक मोठा वीजप्रकल्प चालतो. त्याची रीत मला भारी आवडली. विजेची गरज कमी असते तेव्हा खालचे पाणी वरच्या तळ्यात चढवून ठेवायचे, आणि गरज वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज काढायची. दादा म्हणाला, "म्हणजे तेच पाणी वर खाली." मी म्हटले, "आपल्या घरातल्या भांडणासारखं." तो हसला नाही. मला जीभ चावावीशी वाटली.

घाटघर सोडल्यावर साम्रदच्या वाटेवर चढ लागले. दादा पुढे निघून गेला. लहानपणीही तो असाच जायचा, मागे न बघता. मी पहिल्या गिअरवर आले, मग खाली उतरले आणि सायकल हाताने ढकलत चालू लागले. दोन वळणे झाली. तिसऱ्या वळणावर त्याची सायकल गवतात आडवी पडलेली आणि तो किलोमीटरच्या दगडावर बसलेला. अंग घामाने थबथबले होते आणि हात थरथरत होते. सकाळी गोळी घेतली होती आणि फोडणीचे पोहे "नंतर खाऊ" म्हणून तसेच डब्यात ठेवले होते. साखर वाढलेल्या माणसाची साखर उतरतेही, हे त्याला डॉक्टरांनी सांगितले असणार. पण तो शाळामास्तराचा मुलगा, दुसऱ्यांना शिकवण्याची सवय, ऐकण्याची नाही. माझ्या पिशवीत खडीसाखर होती. मी त्याच्या तोंडात घातली, पाणी पाजले, मग चिक्की दिली, मग पोहे. आसपास चिटपाखरू नव्हते. त्या दहा-पंधरा मिनिटांत वाडा, पडवी, राजीखुशी, सगळे माझ्या डोक्यातून पुसून गेले होते. एवढेच कळत होते की याच्यानंतर मला लहानपणच्या नावाने हाक मारणारे कोणी उरणार नाही.

हात स्थिर झाल्यावर तो म्हणाला, "बेबी, तो कागद फाडला मी. वारसनोंदीला दोघांची नावं लावलीयत. मागच्याच महिन्यात झालं काम."

मी त्याच्याकडे पाहतच राहिले. "मला विचारलंस?"

"आं?"

"माझं नाव लावायच्या आधी मला विचारलंस का, दादा?"

तो अवाक झाला. मग त्याच्या ध्यानात आले. आणि मग तो असा हसू लागला की ठसका लागून मला पुन्हा पाणी द्यावे लागले. मीही हसले, पण माझा प्रश्न खोटा नव्हता, हे इथे नमूद करून ठेवते.

रतनवाडीपर्यंतचा रस्ता आम्ही बराचसा चालतच गेलो. अमृतेश्वराचे देऊळ काळ्या दगडाचे, नखशिखांत कोरलेले. जवळच पायऱ्यांची पुष्करणी आहे. तिच्या कोनाड्यांतून विष्णूच्या मूर्ती. मागे रतनगड आणि त्याच्या माथ्यावरचे आरपार नेढे. आणि प्रवरा? मला वाटले होते उगम म्हणजे काहीतरी भव्य असेल. गोट्यांवरून खळखळणारा एक ओढा, उडी मारून ओलांडता येईल असा. दादाने चपला काढल्या, पाण्यात उभा राहिला आणि म्हणाला, "अप्पांनी हे पाहिलं नव्हतं." मी म्हटले, "त्यांनी नुसतं नाव सांगितलं होतं." आम्ही ओंजळभर पाणी त्यांच्या नावाने सोडले. मंत्र दोघांनाही येत नव्हता.

परतीची वाट कोलटेंभे, मुतखेल अशी पाण्याच्या दुसऱ्या काठाने. ती बरीचशी उताराची आहे असे मला वाटले, कदाचित नसेलही. धरणाशी पोचेतो उन्हे कलली होती. १९१० साली काम सुरू होऊन १९२६ साली पुरी झालेली २७० फुटांची ही दगडी भिंत. खाली प्रवरा रंध्याच्या कड्यावरून १७० फूट उडी घेते आणि मग अकोले, संगमनेर करीत सपाटीला लागते. पाणी सोडलेले होते. कठड्यापाशी उभा राहून दादा हिशेब करू लागला की हे नेवाशाला किती दिवसांनी पोचेल, मध्ये बंधारे किती, कालवे किती. हिशेब काही जमला नाही.

"भाऊबीजेला सायकलनेच येतो संगमनेरला," तो म्हणाला.

"ऐंशी-नव्वद किलोमीटर आहे. मुकाट्याने एस.टी.ने ये. आणि डब्यात ठेवण्यासाठी नाही, खाण्यासाठी काहीतरी घेऊन नीघ."

"बरं," दादा म्हणाला. मग जरा थांबून, "करंज्या करशील ना? की तेही विचारायचं असतं?"

"विचारायचं असतं," मी म्हटले. करंज्यांचे सारण यंदा निम्म्या साखरेचे करून बघणार आहे.