पहिलं दळण

मुदतपूर्व निवृत्ती घेऊन पुण्यात स्थायिक झालेल्या माझ्या एका कोर्समेटने लष्कराच्या लिलावातून निघालेली जुनी जिप्सी घेतली आहे. खडकवासल्याची तीन वर्षं आम्ही एकाच स्क्वाड्रनमध्ये काढली, त्यामुळे त्याचा फोन नमस्काराने सुरू होत नाही. "मागच्या अ‍ॅक्सलचे क्राउन-पिनियन नवे टाकले. तेल नवंकोरं भरलं. अजून हजार किलोमीटरही झाले नाहीत आणि मेकॅनिक म्हणतो, तेल बदला. लुटतोय का मला?"

लुटत नाहीये. उलट असा मेकॅनिक मिळाला असेल तर त्याला धरून ठेव, असं मी त्याला सांगितलं. का, ते जरा सविस्तर लिहितो. कारण हा धडा मी एनडीएत शिकलो नाही, लडाखमध्ये एका हवालदाराकडून शिकलो.

आधी त्या लोखंडी भोपळ्यात चालतं काय, ते पाहू. इंजिनाची ताकद लांब शाफ्टमधून मागे येते. तिला काटकोनात वळवून दोन चाकांकडे पाठवायचं काम डिफरेन्शियलचं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, तेव्हा दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणं हेही त्याचंच काम. शाफ्टच्या टोकाला छोटा पिनियन असतो आणि तो मोठ्या क्राउन व्हीलला फिरवतो. हायपॉइड प्रकारात पिनियन क्राउनच्या मध्यरेषेवर नसतो, जरा खाली असतो. त्यामुळे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत सरकतातही. वर भार पडला की दोन दात्यांमधून तेल पिळून निघायला बघतं. म्हणूनच या तेलात गंधक आणि फॉस्फरसची रसायनं घालतात, ती धातूवर संरक्षक थर धरतात. डिफरेन्शियल उघडल्यावर येणारा तो नाकात बसणारा वास गंधकाचा.

क्राउन आणि पिनियन कारखान्यातच एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात. जोडीवर सारखाच क्रमांक असतो आणि बदलायचे तर दोन्ही एकदमच बदलायचे. तरीही डोळ्याला गुळगुळीत दिसणाऱ्या दात्यावर बारीक उंचवटे उरतातच. ते पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये झिजतात. या काळात अ‍ॅक्सल नेहमीपेक्षा जास्त तापतो आणि झिजलेल्या पोलादाची भुकटी तेलात उतरते. इंजिनाला ऑइल फिल्टर असतो. बहुतेक अ‍ॅक्सलना नसतो. ती भुकटी तेलाबरोबर दात्यांत, बेअरिंगमध्ये, सीलच्या कडेला फिरत राहते. बाहेर काढण्याचा मार्ग एकच, तेल काढून टाकणं.

आता लडाख. मी तेव्हा युनिटचा सेकंड-इन-कमांड होतो. सप्टेंबर संपत आला होता. हिवाळ्यात वरच्या पोस्टचे रस्ते बंद होतात, म्हणून सहा महिन्यांचं रॉकेल, रेशन, औषधं त्याआधी वर पोचवावी लागतात. या दिवसांत युनिटमध्ये माणसांच्या आजारापेक्षा गाड्यांच्या आजाराची चौकशी जास्त होते. आमच्या एका अडीच टनी गाडीचा मागचा अ‍ॅक्सल रडायला लागला होता. क्राउन-पिनियन नवे बसले, दात्यांना रंग लावून ठसा तपासला, मोकळीक मोजली, सगळं मापात. गाडी १४० किलोमीटर चालली होती आणि कागदावर 'चालू' होती.

सीओंनी अर्थातच ती पुढच्या कॉन्व्हॉयमध्ये धरली होती. पूर्ण भार, चढ, एकामागून एक वळणं.

संध्याकाळी एलएडीचा, म्हणजे युनिटला जोडलेल्या ईएमईच्या तुकडीचा हवालदार माझ्याकडे आला. माणूस सातारा जिल्ह्यातला. शेडच्या भिंतीवर त्यांच्या कोअरचं ब्रीद 'कर्म ही धर्म' रंगवलेलं होतं आणि हा त्यातला प्रत्येक शब्द खरा मानणारा. म्हणाला, "साहेब, गाडी देतो म्हणाल तर देतो. पण अजून साडेसहाशे किलोमीटर तिला अर्ध्या भारावर पळवू द्या. मग तेल काढतो, मग हवी तिथं न्या."

मी विचारलं, "तेल तर आत्ताच नवीन घातलंय ना?"

"साहेब, जात्याला टाकी लावल्यावर पहिलं दळण घरात कुणी खातं का? कच लागते दाताला. चार मुठी दळायचं नि टाकून द्यायचं. हे तेल म्हंजी पहिलं दळण."

इतकी वर्षं नकाशे आणि मॅन्युअलं वाचूनही माझ्या डोक्यात इतकं स्वच्छ काही शिरलं नव्हतं. आजीच्या घरी टाकी लावणारा आला की दोन दिवस जात्याजवळ चाललेली गडबड मला आठवली. टाकून दिलेलं ते पीठ वाया जात नसे, दगड एकमेकांना लागण्याची ती किंमत होती.

पण सीओंना जात्याची गोष्ट सांगून भागणार नव्हतं. वरच्या पोस्टवर आमचीच पोरं होती आणि त्यांच्या रॉकेलचे बॅरल खाली होते. त्यांचा प्रश्न सरळ होता, "गाडी चालू आहे ना?"

"चालू आहे सर. तयार नाही."

चढावर दाते तुटले तर ताकद चाकांपर्यंत पोचत नाहीच, उतारावर इंजिनचा ब्रेकही जातो. अ‍ॅक्सल जाम झाला तर मागची चाकं अडकतात. अरुंद रस्त्यावर एक गाडी अडली की मागचा अख्खा कॉन्व्हॉय उभा. हे मी त्यांना सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "सर, परवा विमानाने उतरलेल्या नव्या जवानांना आपण आज वर पाठवतो का?"

लडाखमध्ये नोकरी केलेल्या कुणालाही यापुढे समजावावं लागत नाही. विमानाने लेहला आलेला जवान कितीही धट्टाकट्टा असो, पहिले सहा दिवस हवामानाशी जुळवून घेण्याचे. आधी विश्रांती, मग थोडं चालणं, मग चढ. आणखी वर जायचं तर पुढचे टप्पे वेगळे. घाई केली तर फुप्फुसात पाणी होतं. हा नियम रॉकेलसाठीसुद्धा मोडत नाहीत.

सीओ जरा थांबले. "मग भार कोण उचलणार?"

ते उत्तर घेऊनच मी गेलो होतो. लेह ते उपशी रस्ता सिंधूच्या काठाने जातो, त्या मानाने सपाट, जवळपास ५० किलोमीटर. तिथली रोजची भाजी आणि डाक नेणारी गाडी धडधाकट होती. ती वर पाठवायची, तिच्या जागी ही. सात दिवस, सात फेऱ्या, अर्धा भार. भरपाई म्हणून वरचा एक कॉन्व्हॉय एक दिवस लवकर निघणार होता.

"सात दिवस," सीओ म्हणाले. "आठवा नाही."

आठव्या सकाळी गाडी रॅम्पवर होती. तेल कोमट असतानाच काढायचं, म्हणजे गाळ तळाशी बसायच्या आत वाहून येतो. हवालदाराने आधी वरचा, भरायचा बोल्ट सैल केला आणि मगच खालचा. वरचा बोल्ट गंजून अडकला असेल आणि तुम्ही खालून तेल सोडून दिलं असेल, तर गाडी तिथंच बसते. तेल ट्रेमध्ये उतरलं, काळपट आणि चमचमणारं. खालच्या बोल्टच्या चुंबकावर राखाडी लेप, काजळासारखा. हवालदाराने तो दोन बोटांत चोळला. कण टोचला नाही. "भुकटी आहे, कपची नाही," तो म्हणाला. भुकटी म्हणजे जोडी जुळली. कपची निघाली असती तर पुन्हा सगळं उघडावं लागलं असतं.

नवं तेल वरच्या भोकाच्या काठापर्यंत, बाहेर ओघळायला लागेल तोवर, तेही गाडी सपाटीवर उभी करून. जास्त भरलं तर सील गळतात. ब्रीदर चोंदला असला तरीही गळतात, म्हणून तोही साफ केला. पुढे हिवाळा होता, म्हणून तेल ७५ डब्ल्यू-९० घेतलं. ८० डब्ल्यूची कसोटी उणे २६ अंशांवर घेतात, ७५ डब्ल्यूची उणे ४० वर. जुनं तेल पिंपात गेलं, सिंधूच्या काठावर ओतलं नाही.

पुण्यातल्या मित्राला मी एवढंच सांगितलं. पहिले २५-३० किलोमीटर हळू चालवून अ‍ॅक्सल पूर्ण थंड होऊ दे, असं दोन-तीनदा कर. साधारण ८०० किलोमीटरपर्यंत ओढायला काही लावू नकोस, भरधाव पळवू नकोस, मग तेल बदल. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो प्रमाण. डिफरेन्शियलला जीएल-५ तेल. तोच डबा डोळे झाकून गिअरबॉक्समध्ये ओतू नकोस, तिथल्या पितळी रिंगांना ते मानवेलच असं नाही.

आमची गाडी नवव्या दिवशी पहाटे पूर्ण भार घेऊन कॉन्व्हॉयमध्ये चौथ्या क्रमांकावर निघाली. रात्री वरून निरोप आला. सगळ्या गाड्या पोचल्या, बॅरल उतरवले, वाटेत काही झालं नाही.