कॅफिन गेलं, चव का जावी?

डिकॅफ कॉफी पुचाट लागते, ही तक्रार खोटी नाही. तिचं खापर मात्र कॅफिन निघून जाण्यावर फोडलं जातं, ते मला पटत नाही. कॅफिन कडू असतं खरं, पण कॉफीच्या एकूण कडवटपणात त्याचा वाटा साधारण दहा-पंधरा टक्क्यांचाच. बाकीचा कडूपणा बी भाजताना क्लोरोजेनिक आम्लांपासून तयार होणाऱ्या संयुगांचा. भाजणी गडद होत जाते तसा तो जास्त जहाल होतो. सुगंधाशी तर कॅफिनचा संबंधच नाही, कारण त्याला वास नसतो. तेव्हा चव गेली असेल तर ती कुणीतरी घालवलेली असते, आणि त्या ‘कुणीतरी’त घरी कॉफी करणारे आपणही आलो.

कॅफिन काढतात ते कच्च्या, न भाजलेल्या बीमधून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रेमेनच्या लुडविग रोझेलियसने हा धंदा उभा केला तेव्हा त्यासाठी बेंझीन वापरलं जाई, आणि ‘डिकॅफ म्हणजे केमिकल’ हा धसका तेव्हापासून वाजवी ठरला. बेंझीन केव्हाच मागे पडलं. त्याच्या जागी आलेलं मिथिलीन क्लोराइड सुमारे 40 अंशांना उकळतं आणि बी भाजली जाते 200 अंशांच्या आसपास. त्यामुळे भाजलेल्या बीमध्ये ते जवळपास उरत नाही. तरीही मन खात असेल तर नुसत्या पाण्याने कॅफिन काढलेली बी घ्यावी. कॅनडात आणि मेक्सिकोत असे मोठे कारखाने आहेत. कोलंबियात उसाच्या मळीपासून बनवलेलं इथिल अ‍ॅसिटेट वापरतात आणि त्या कॉफीत फळांकडे झुकणारा गोडवा बऱ्याचदा टिकतो; काळी कॉफी पिणाऱ्याला मी हीच सुचवेन. पद्धत कोणतीही असो, मुळात बी चांगली हवी. वर्षानुवर्षं उतरलेला, स्वस्त माल डिकॅफसाठी पाठवायचा आणि त्याचे दोष काळ्याकुट्ट भाजणीखाली झाकायचे, अशी बाजाराची रीत राहिली. बदनामी त्यातून आली.

कॅफिन काढलेली कच्ची बी आधीच तपकिरी असते, त्यामुळे भाजणाऱ्याचा रंगावरचा अंदाज चुकतो. ती सच्छिद्र झालेली असल्याने तेल लवकर वर येतं आणि वासही लवकर उडतो. तेलाने चकचकीत दिसणारी डिकॅफ बी ताजी आणि कडक असेल असं ग्राहकाला वाटतं; बहुधा ती जास्त भाजलेली किंवा शिळी असते. मध्यम भाजलेली, कोरडी दिसणारी बी घ्यावी, तीही थोडी, आणि दोन-तीन आठवड्यांत संपवावी. पूड करून ठेवू नये.

बी ठिसूळ असल्याने दळताना बारीक भुकटी जास्त पडते. कागदी फिल्टरमध्ये ती तळाशी बसून पाणी अडवते, कॉफी रेंगाळते आणि तुरट होते. म्हणून दळण नेहमीपेक्षा किंचित जाड ठेवावं. 15 ग्रॅम पुडीला 225 मिलिलिटर पाणी घ्यावं, उकळी बसल्यावर मिनिटभर थांबून ओतावं. पाणी ओतल्यावर फेस कमी फुगला तर घाबरू नये. ताजी डिकॅफही वायू कमीच धरून ठेवते. दळणाचं हेच पितळी फिल्टरमधल्या डिकॉक्शनलाही लागू, फक्त तिथे पूड हलक्या हाताने दाबावी.

दूध-साखर घातल्यावर हे कोणाला कळतं, असं कुणी म्हणेल. बरंच कळतं: गडद भाजणीचा जळका कडूपणा दुधाने मऊ होतो, पण शिळेपणा लपत नाही. आपल्याकडची जायफळ घातलेली रात्रीची कॉफी घ्या. जायफळाने झोप येते असं म्हणायचं आणि कॉफीने ती उडवायची, ही गंमतच. त्या कपाला डिकॅफच शोभते. चिकोरी घालून कॅफिन घटवावं, हाही एक युक्तिवाद आहे. घटतं खरं, पण चिकोरी स्वतःची चव घेऊन येते, आणि मग प्रश्न कॉफीचा राहत नाही. डिकॅफ म्हणजे शून्य कॅफिनही नव्हे. एका कपात 2 ते 15 मिलिग्रॅम राहतं, साध्या कॉफीत सुमारे 95. डॉक्टरांनी कॅफिन पूर्ण बंद सांगितलं असेल तर तेवढंही मोजावं.

पाकिटावर भाजल्याची तारीख आणि कॅफिन काढण्याची पद्धत छापलेली नसेल, तर दुकानदाराला विचारा. त्यालाही सांगता आलं नाही, तर ते पाकीट परत फळीवर ठेवा.