आवळणारे पायमोजे आणि पायाचा अंगठा

अल खोर हे कतारमधील समुद्रकाठचे गाव, दोहाच्या उत्तरेस सुमारे 50 किलोमीटरवर. पूर्वी येथील लोक मोती काढीत. आता जवळच रास लफानला वायूचे कारखाने आहेत, म्हणून आमच्यासारखी भारतीय मंडळी येथे पुष्कळ. सुट्टी शुक्रवार-शनिवार, त्यामुळे शनिवार तेल्यांच्या वंशजांस शब्बाथ सुखाने पाळता येतो! उन्हाळ्यात चालणे-धावणे मात्र पहाटेच. धावणाऱ्यांच्या पायांत हल्ली पोटरी आवळणारे मोजे दिसतात. इस्राएलमधील आप्तेष्टही विचारतात, हे घ्यावेत का?

पोटरी आवळली की शिरांतील रक्त वर चढण्यास मदत होते, सूज कमी येते, हे खरे. पण मोजा बोटांवरही घट्ट बसतो, आणि तेथे अंगठ्याच्या बुडाचा सांधा आहे. टाच उचलून पुढे पाऊल टाकताना हा सांधा सुमारे 60 अंश वर वळावा लागतो. हिक्स यांनी 1954 साली दाखविले की अंगठा वर वळला म्हणजे तळव्याखालचा पट्टा रहाटावरच्या दोरासारखा ताणला जातो आणि पायाची कमान उभी राहते. अंगठा अडला तर माणूस पायाच्या बाहेरच्या कडेवरून चालू लागतो.

आमच्या घरी ही पुस्तकी गोष्ट नाही. आम्हां दोघांपैकी एकाचा उजवा अंगठा ताठ होत चालला आहे, आणि मधुमेहामुळे चालणे सोडून भागत नाही. म्हणून आम्ही खुर्चीवर बसून, पाऊल जमिनीवर ठेवून, अंगठा हाताने वर उचलून पाहिला. अनवाणी पायाने वळला तितका मोज्यात वळेना. मोज्याचे टोक त्याला खाली ओढून धरी. टोक चिमटीत धरून सैल केले तेव्हा थोडा फरक पडला. बोटे उघडी राहणारा मोजा घातला तेव्हा जवळजवळ अनवाणी पायासारखा वळला. अर्थात हा एका पायाचा अनुभव. पण ही परीक्षा घरी कोणासही करता येईल.

दरफाळणीच्या सणाला चामड्याची पायताणे वर्ज्य, तेव्हा आम्ही कापडी सपाता घालतो. त्या दिवशी अंगठ्याची तक्रार नसते, पोटाची असते.

मधुमेह असेल, पाय बधिर असतील किंवा पायांत रक्त नीट उतरत नसेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून हे मोजे घालूच नयेत. आम्ही आधी रक्ताभिसरण तपासून घेतले. सध्या उघड्या बोटांचे मोजे घालून पहाटे मासळीच्या बंदरापर्यंत जाऊन येणे चालू आहे.